दाढेचा कान

जैबुन दाढेनं ऐकायची. मिरजेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मिरजेबाहेर ज्यांच्या घरी तिच्या हातचा तंबोरा होता त्यांनाही. तंबोरा आडवा मांडीवर घ्यायचा, मान वाकवून उजवी दाढ दांडीच्या लाकडावर टेकवायची आणि तार छेडायची. लाकडातून दाढेत, दाढेतून कवटीत आणि कवटीतून थेट आतल्या कानात. बाहेर रस्त्यावर ट्रक उलटला तरी तिला पत्ता लागत नसे, पण तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकला की कळे. नव्या गिऱ्हाइकाला मात्र पहिल्यांदा वाटायचं, ही बाई तंबोरा खाते की काय.

पाचव्या वर्षी गालगुंड झाले आणि डाव्या कानाची नसच मेली. सातव्या वर्षी उजवा कान वाहू लागला तो वाहतच राहिला. चौथीतल्या मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, "पोरगी भिंतीकडं बघत बसते." बाप, म्हणजे दस्तगीर तंबोरेवाले, तिला हाताला धरून घेऊन आले ते सरळ दुकानात, आणि भुशाच्या ढिगाशेजारी बसवलं. कंटाळून तिनं एका अर्धवट तंबोऱ्यावर हनुवटी टेकवली. त्याच वेळी अब्बा तारा जुळवत होते. पोरगी दचकून उठली, मग पुन्हा टेकली आणि जेवायला बोलावलं तरी उठेना.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणंही तसंच चालू झालं. तूणाच्या लाकडाची एक उरलेली दांडी खिळ्याला टांगलेली असायची. अब्बांनी एका टोकाला हनुवटी टेकवून बोलायचं, तिनं दुसऱ्या टोकाला दाढ लावायची. घरातली बोली मराठी-दखनीची खिचडी, ती लाकडातून छान शिजून पोचायची. मधे तिचं लग्न झालं. नवऱ्याला लाकडावर हनुवटी टेकवायची लाज वाटे, म्हणून तो ओरडायचा. ओरडणं तिला ऐकू येत नव्हतं, चेहरा मात्र दिसत होता. दीड वर्षात ती परत आली आणि अब्बांनी काही न विचारता दांडी खिळ्यावरून काढली.

तिचं काम जवारीचं. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीवर, घोडी असते, हाडाची, चार बोटं रुंद. तारा तिच्यावरून जातात. ही घोडी कानशीनं इतक्या हलक्या उतारानं घासायची की तार तिला टेकते न टेकते अशी थरथरली पाहिजे. त्या थरथरण्यातून तारेच्या सुराभोवती आणखी दहा सूर उभे राहतात. त्याला जवारी म्हणतात. घोडी कमी घासली तर आवाज गोल, बंद राहतो आणि नीट उतार दिला तर खुलतो. जैबुनची जवारी खुली होती, अशी खुली की चार तारा छेडल्या तर खोली उजळल्यासारखी वाटे. चौदाव्या वर्षी तिनं पहिली घोडी घासली. पुढं सहा महिन्यांत अब्बांनी आपली कानस तिच्या हातात दिली. आपला हात थरथरतो, असं ते सगळ्यांना सांगायचे. आज ती चोपन्न वर्षांची होती, आणि धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई तिच्या तंबोऱ्यासाठी वर्ष वर्ष थांबत होते.

गेल्या वर्षी अब्बांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या घशातून आता नुसती हवा निघत होती. त्या हवेला जीभ आणि ओठ शब्दांचा आकार देत होते, तेवढीच काय ती कुजबुज. घरी आल्यावर त्यांनी दांडी काढून घेतली, हनुवटी टेकवली आणि काहीतरी म्हणाले. जैबुननं दाढ लावली होती. लाकूड मुकं होतं. कुजबुजीनं हाड हलत नाही, आणि हाड हललं नाही तर लाकूड काय हलणार? अब्बांनी चार वेळा करून पाहिलं, मग दांडी परत खिळ्याला गेली. ओठ वाचायचे तर मिशी आणि दाढीचं रान मधे. लिहिणं त्यांना सहीपुरतंच येत होतं. बोललेलं लिहून दाखवणारा मोबाइलही आणला, पण दात नसलेल्या तोंडातून कुजबुजलेली ती खिचडी बोली यंत्राला झेपली नाही. वर्षभर बापलेक एका घरात हातवारे करत राहिली. जैबुनला वाटे, अब्बा जिवंत आहेत आणि तरी आपण त्यांना गमावलंय.

म्हणून ती स्वतःच्या पायानं डॉ. केतकी मगदूम यांच्याकडे गेली. याआधी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेताना घरच्यांच्या नाकी नऊ यायचे. हाडावर बसवायचं श्रवणयंत्रही एकदा घेतलं होतं, पण त्यानं लाकडाच्या आवाजात सगळ्या बाजाराचा गोंगाट कालवला, म्हणून ते डब्यात पडलं होतं.

डॉक्टरांची भाषा छापील होती, त्यामुळे ती मोबाइलवर नीट उमटत होती. जैबुन वाचत गेली.

"मावशी, पडद्याच्या मागं तीन हाडं असतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब. सगळ्यांत लहान तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या शंखातल्या पाण्याला ढकलते. त्या पाण्यापुढं नस. तुमची ऐरण पुवानं खाल्लीय आणि रिकिबीचा नुसता तळ राहिलाय. नस मात्र अगदी तरुण आहे. मधला पूल तेवढा तुटलाय."

"आजवर कुणी बांधला नाही तो?" जैबुननं विचारलं.

"धातूची, सिरॅमिकची हाडं बसवतात कितीतरी वर्षांपासून. पण कधी ती सरकतात, कधी शरीर त्यांना बाहेर ढकलतं, आणि क्वचित नसच दगावते. ज्याला ऐकू येणारा एकच कान आहे, त्याच्या त्या कानाला कुणी शहाणा सर्जन हात लावत नाही. आता ही नवी गोष्ट आलीय." त्यांनी चिमट्यात एक पांढरा ठिपका धरून दाखवला. "आम्ही याला अंकुर म्हणतो. तुमच्या कानाच्या मापानं छापायचा आणि त्यात तुमच्याच कमरेच्या हाडातल्या पेशी पेरायच्या. नव्वद दिवसांत त्याचं खरं हाड होतं, म्हणजे शरीराला तो परका वाटतच नाही. नव्वद दिवस तो कच्चा असतो. कानामागं ही चुंबकाची कडी लावून आम्ही त्याला हवा तसा कडक किंवा मऊ करू शकतो, म्हणजे कुठला आवाज किती पोचवायचा ते ठरवता येतं. एक्क्याण्णवाव्या दिवसापासून ते हाड तुमचं. मग मलाही त्यात काही करता येणार नाही."

"आणि बिघडलं तर?"

"शंभरात एखादा कान जातो. मग दाढेनंही ऐकू येणार नाही."

घरी अब्बांनी दोन्ही हातांनी नको नको केलं, एक बोट उभं करून दाखवलं. एकच कान, एकच. जैबुननं त्यांचं ते बोट मुठीत धरून खाली घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कागदावर सही केली. तिला जगातल्या बाकी कुठल्याच आवाजाची फारशी हौस नव्हती.

आठव्या दिवशी कानातली पट्टी निघाली. पहिला आवाज ऐकू आला तो त्या पट्टीच्या कागदाचा, आणि तो इतका कर्कश होता की ती खुर्चीतून उठलीच. मग बांगड्या, पंखा, कुणाची तरी चप्पल. सगळं एकदम अंगावर आलं आणि तिला चक्क राग आला. लोक ह्यात राहतात कसे? कोपऱ्यात अब्बा टोपी सारखी करत बसले होते. तिनं त्यांच्याजवळ जाऊन मान खाली घातली आणि म्हणाली, "बोला अब्बा."

अब्बांचे ओठ हलले. वर्षभर न पोचलेले शब्द हवेतून आले. त्यांत सूर नव्हता, नुसती खसखस होती, पण शब्द सुटा सुटा कळत होता.

"जरा मोठ्यानं बोल की. चाळीस वर्षं सांगतोय."

डॉक्टर हसल्या. हाडातून ऐकणाऱ्याला स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो, असं त्यांनी समजावलं. जैबुन ऐकत नव्हती. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

पुढचे काही आठवडे घरात बोलण्याला ऊत आला. अब्बांनी साठलेलं सगळं वर्ष काढलं. ऑपरेशनच्या वेळची नर्स कशी होती, भीमाकाठच्या भोपळेवाल्यानं यंदा पातळ सालीचे भोपळे कसे गळ्यात मारले, आमटीत मीठ किती महिन्यांपासून जास्त पडतंय. शेवटच्या तक्रारीवर जैबुन म्हणाली, "आधी सांगायचं की." अब्बा म्हणाले, "कसं सांगू? मिठाचा हातवारा कसा करतात?"

एक महिन्यानं डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. बाकावर इंदूताई कंग्राळकरांचा तंबोरा वाट बघत होता. इंदूताई बेळगावच्या गायिका, साठी उलटलेल्या, आवाज अजून खणखणीत आणि जीभ त्याहून. तीस वर्षं जैबुनशिवाय कुणाच्या तंबोऱ्यावर गायल्या नव्हत्या. जैबुननं आधी नमुन्यासाठी भिंतीवरचा आपलाच एक जुना तंबोरा काढला, सवयीनं दाढ टेकवली, तार छेडली. आणि लगेच दाढ काढली.

टोचत होतं. सुराच्या अंगावर बारीक काटे फुटल्यासारखं काहीतरी होतं. तिनं दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे तसेच. तिला वाईट वाटलं, मग तिनं स्वतःची समजूत काढली. आजवर अर्ध्या कानानं काम केलं, त्यात हे राहून गेलं असणार. लोक बिचारे मोठ्या मनानं चालवून घेत होते. आता खरा कान आलाय, आता खरं काम करू. इंदूताईंची घोडी तिनं तीन दिवस घेतली. कानशीचा एक हात, मग ऐकणं, मग अर्धा हात. तिसऱ्या दिवशी सूर असा गोल आणि शांत झाला की ती कितीतरी वेळ दाढ लावून तशीच बसून राहिली. त्याच महिन्यात आणखी दोन तंबोरे तिनं त्याच हातानं पुरे करून पाठवले.

पुण्याचा आला पहिला परत, चिठ्ठीसकट. चिठ्ठी अदबीची होती. इंदूताईंना चिठ्ठी वगैरे लिहिण्याचा धीर नव्हता. त्या स्वतःच तंबोरा घेऊन गाडीतून उतरल्या.

"जैबुन, काय गे हे? ह्याची जवारी कुठाय?"

"आहे की ताई."

"आहे? मग माझ्या म्हातारपणात गेली की काय माझ्या कानातनं?" त्यांनी तिथंच बैठक मारली, तंबोरा उभा धरला आणि छेडला. "बघ. घोंगडी पांघरून बसल्यासारखा वाजतोय. मी षड्ज लावला की माझा आवाज ह्याच्या वर उघडा पडतोय. तुझा तंबोरा मला उचलून धरायचा. हा माझ्याकडं बघत बसलाय नुसता."

जैबुननं दाढ लावली. तिला तो जगातला सगळ्यांत सुंदर तंबोरा वाटत होता. मोबाइलवर जवारी मोजायचं यंत्र होतं, ते तिच्या जुन्या तंबोऱ्यांना आणि ह्या नव्यालाही उत्तम म्हणत होतं, म्हणजे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. इंदूताई जाताना दारात थांबल्या. त्यांचा आवाज खाली आला. "दिवाळीनंतर माझं गाणं आहे. बहुतेक शेवटचंच. दुसऱ्या कुणाकडं मी जाणार नाही, तेवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी जैबुन डॉ. मगदूमांसमोर बसली. तिनं सगळं सांगितलं. कानात कापूस घालून पाहिला, मेण घालून पाहिलं, पण त्यानं सगळं नुसतं घुमायला लागलं आणि स्वतःच्या नाडीचे ठोके ऐकू आले, हेही सांगितलं.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन आलेख लावले. दोन्ही हाडातून ऐकण्याचे होते, एक ऑपरेशनपूर्वीचा आणि एक कालचा. कालची रेघ सपाट होती. जुन्या रेघेत उजवीकडे एक खोल खड्डा होता.

"हाडातून ऐकतानासुद्धा मधली तीन हाडं गप्प बसत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "तीही थरथरतात, आणि सेकंदाला दोन हजार कंपनांच्या आसपास आपली थोडी भर घालतात. तुमच्याकडे ती नव्हती, म्हणून तिथं खड्डा होता. आता अंकुरानं तो भरला."

जैबुन पडद्याकडे बघत राहिली. "ह्या खड्ड्यात काय काय असतं?"

"अक्षरांच्या कडा. च, ट, स, क. आणि कुजबुज तर बरीचशी तिथंच आणि त्याच्या वरच्या अंगाला."

"आणि तारेची चमक," जैबुन म्हणाली.

कापसानं खड्डा का पडत नाही, घुमारा का वाढतो, हे डॉक्टर सांगत होत्या, पण तिचं गणित सुटलं होतं. चौदाव्या वर्षापासून जे तिला कमी ऐकू येत होतं, ते ऐकू येईल एवढं करायला ती घोडीला तितका उतार जास्त देत होती. तिला पुरेसं वाटे तेव्हा इतरांना झळाळून जात असे. ज्या जवारीसाठी लोक वर्ष वर्ष थांबत होते, ती तिच्या कानातल्या खड्ड्याच्या मापाची होती. चोपन्नाव्या वर्षी हे कळणं काही सुखाचं नव्हतं.

"परत खड्डा पाडता येईल?"

"येईल. कडीनं अंकुर मऊ करता येतो. आज बासष्टावा दिवस आहे, नव्वदाच्या आत कधीही. दाढेला पूर्वीसारखं ऐकू येईल." डॉक्टरांनी आलेखातल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "पण हवेतूनही तो भाग जाईल. माझं बोलणं जवळून कळेल. बाबांची कुजबुज नाही कळणार. दोन्ही ठेवायचा काही मार्ग असता तर मी आधी सांगितला असता, मावशी."

घरी येऊन तिनं अब्बांपासून काहीच लपवलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कुजबुजले, "इंदूबाईंचा तो आण. वाजव."

तिनं परत आलेला तंबोरा मांडीवर घेतला आणि चारही तारा छेडत राहिली. अब्बा सरकत सरकत जवळ आले आणि त्यांनी दांडीच्या टोकाला हनुवटी टेकवली, पूर्वी बोलायला टेकवत तशी. डोळे मिटले. बऱ्याच वेळानं तिनं पाहिलं तर म्हाताऱ्याची दाढी ओली झाली होती.

"माझ्या बापाची जवारी," ते म्हणाले. "आमच्या घरची. गोल. मी हीच करायचो. वाटलं होतं, आता ही कबरीत जाऊनच ऐकायची."

"आणि माझी?"

अब्बांनी दांडीवरून हनुवटी उचलली.

"माझी कशी होती अब्बा?"

"तुझी मला कधी आवडली नाही बेटा. टोचते."

जैबुनला वाटलं, कान अजून नीट बसलेला नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"चाळीस वर्षं तुम्ही वा वा म्हणत होता," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच दुकानाबाहेर ऐकू गेला असेल. "प्रत्येक तंबोऱ्याला! माझ्या तोंडावर!"

"चौदा वर्षांची होतीस. पहिली घोडी घासलीस, मी ऐकली आणि रागवायला उठलो. तेवढ्यात गिऱ्हाईक आत आलं. त्यानं तार छेडली आणि म्हणालं, दस्तगीरभाई, ही कुणाच्या हातची? मला अशीच पाहिजे. मग दुसरं आलं. मग रांग लागली." अब्बांना दम लागला. "शाळेनं टाकलं होतं तुला. पुढं त्या माणसानं टाकलं. एक गोष्ट तुझी होती. ती बापानं काढून घ्यायची?"

"म्हणून कानस ठेवलीत? हात थरथरतो म्हणत होता ना?"

"चहा सांडला का कधी माझ्या हातून?"

जैबुन उठून आत गेली. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. पूर्वी अबोला सोपा होता, दांडी खिळ्यालाच राहू दिली की झालं. आता भिंतीपलीकडचं खोकणंसुद्धा ऐकू येत होतं. राग बापाचा होता आणि स्वतःचाही. कुणीतरी आपल्याला इतकी वर्षं जपून ठेवलं, ह्याचाही माणसाला अपमान वाटतो. तिनं दोन दिवसांत डॉक्टरांचा नंबर तीनदा काढला. पाडू देत खड्डा. निदान नाव तरी राहील.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाकाशी पाठमोरी बसून खुंट्या साफ करत होती.

"जैबू."

ती वळली. मधल्या दारात अब्बा चौकट धरून उभे होते. "पाणी," ते म्हणाले.

पाणी देताना तिच्या ध्यानात आलं की आपण वळलो. सातव्या वर्षानंतर तिला पाठीमागून कुणी हाक मारली नव्हती. मारली असेल, तर ती वाया गेली होती. लोक तिच्या खांद्याला हात लावत, दिवा चालूबंद करत, समोर येऊन उभे राहत. नुसतं नाव घ्यावं आणि आपण वळून बघावं, एवढी साधी गोष्ट तिच्या वाट्याला सत्तेचाळीस वर्षं आली नव्हती.

अब्बांनी पेला खाली ठेवला. "डॉक्टरीणबाईला सांग, होतं तसं करून दे. माझं किती राहिलंय? तुझ्यापुढं अजून पुष्कळ काम पडलंय."

"तुम्हाला टोचायची ना माझी?" तिनं विचारलं. "मग जवारी 'झाली' हे तुम्हाला कसं कळायचं? मी कितीतरी वेळा विचारायची, 'अब्बा, झाली का?' आणि तुमचं 'झाली' कधी चुकलं नाही."

अब्बांच्या मिशीत हसू आलं. "सोपं आहे. टोचायला लागली की म्हणायचं अजून दोन हात. आता इथं बसवत नाही असं झालं, की म्हणायचं, वा, झाली."

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी डॉ. मगदूम कडी हातात घेऊन तयार होत्या. जैबुन म्हणाली, "राहू दे आहे तसं."

"नक्की? परवानंतर काही करता येणार नाही."

"मागून हाक मारली तर कळतं मला आता," जैबुन म्हणाली. डॉक्टरांना ते कारण पुरेसं वाटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी कडी डब्यात ठेवून दिली.

इंदूताईंच्या परत आलेल्या तंबोऱ्याला जैबुननं हात लावला नाही. तो अब्बांच्या खाटेशेजारी भिंतीला लागला. ताईंसाठी तिनं नवा भोपळा घेतला, नवी घोडी बसवली आणि कानस उचलली. सूर गोल झाला, सुंदर झाला, तिथं तिचा हात आपोआप थांबला. तिनं तो पुढं रेटला. टोचू लागलं. दाढ काढून घ्यावीशी वाटली, तिनं काढली नाही. आणखी एक हात. आणखी एक. स्वतःच्या जिभेला कडू लागेपर्यंत मसाला घालत राहायचं आणि तो दुसऱ्याला गोड लागणार म्हणून विश्वास ठेवायचा, असलं हे काम होतं. पहिल्या दोन घोड्या वाया गेल्या. तिसरी वाजवली तेव्हा इथं बसवत नाही असं तिला झालं, आणि तिनं कानस खाली ठेवली.

दिवाळीच्या आधी इंदूताई आल्या. ह्या वेळी त्या काही न बोलता बसल्या. तंबोरा उभा धरून त्यांनी तारांवरून बोटं फिरवली आणि त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी षड्ज लावला. दुकानातल्या भिंतीवरचे तंबोरे आपोआप गुणगुणले. जैबुन हसत मान डोलवत होती, आणि एकेक तार तिच्या दाढेत सुईसारखी शिरत होती.

तिची नजर खाटेवर गेली. अब्बा तिच्याचकडे बघत होते, तशीच मान डोलवत. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षं प्रत्येक तंबोऱ्याला तिनं तो पाहिला होता आणि त्याला बापाचा अभिमान समजत आली होती. आता तिला स्वतःच्या गालांवर तोच चेहरा जाणवला. तो करायला किती ताकद लागते, हेही त्याच वेळी कळलं, आणि तिचा उरलासुरला राग गेला.

"हीच!" इंदूताईंचे डोळे भरून आले होते. "हीच गे बाई ती. तुला कशी वाटली, खरं सांग?"

"वा," जैबुन म्हणाली. "छान झालीय."

इंदूताईंनी ऐकू न आल्यासारखा कानामागं हात धरला. "काय म्हणालीस?"

मागून, खाटेवरून, कुजबुज आली.

"जरा मोठ्यानं बोल की."